हवेला दावं

आमचे इवाई या जगात आले नसते तर दोरीची खरी किंमत कोणाला कळली नसती, असं मी म्हणणार नाही. कारण दोरीची किंमत मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे. पण हवेला दोरीनं बांधता येतं, दोन काठ्यांच्या मध्ये धरून तिला फुगवता येतं आणि मग गाईसारखं मोकळं चरायला सोडता येतं, हे मात्र कटंगीपासून बालाघाटपर्यंत एकट्या आमच्या इवायांनाच सुचलं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. मुलगी कटंगीला देताना मी घर पाहिलं, वावर पाहिलं, धानाची कोठी पाहिली, पोराचा पगार विचारला. सासऱ्याला नीट पाहायचं राहून गेलं. त्या वेळी ते ओसरीच्या कोपऱ्यात बसून मिठाईच्या डब्याची दोरी सोडत होते, आणि मला वाटलं, गरीब माणूस आहे, पाहुण्यांचं काम करतो आहे. मिठाई सगळ्यांनी खाल्ली. दोरी त्यांनी गुंडाळून खिशात घातली.

मी स्वतः बालाघाटचा, चवथीत शाळा सोडलेला माणूस. मास्तर म्हणाले होते, याच्या डोक्यात काही शिरत नाही. शिरत नसेल, पण हातात शिरलं. पन्नास वर्षं मी अंबाडीचे दोर वळले. बैलाचं दावं, खाटेची विणाई, विहिरीचा सोल, सगळं या दोन हातांचं. माझ्या दाव्यानं बांधलेला बैल दावं तोडून पळाला, असं एकही उदाहरण बालाघाटात कोणी दाखवून द्यावं. खुंटा उपटून पळाले असतील, तो दोष खुंट्याचा. असा मी, आणि माझ्या नशिबी इवाई आला तो साबणाचे फुगे काढणारा.

हे खूळ त्यांना नागपूरला लागलं. डोळ्याचा मोतीबिंदू काढायला गेले होते. पट्टी सुटल्यावर पोरानं त्यांना बागेत फिरायला नेलं, तर तिथं कोणी एक माणूस दोन काठ्या आणि दोरी घेऊन हे एवढाले फुगे हवेत सोडत होता. नव्या डोळ्यानं धड पाहिलेली पहिली वस्तू ती. लोक नजर परत आल्यावर देव पाहतात, नातवंडं पाहतात. आमचे इवाई त्या माणसाच्या दोरीकडे पाहत राहिले. पोर म्हणालं, "चला बाबूजी, गाडी छूट जाएगी." हे म्हणाले, "जाऊ दे. दुसरी येते. हे कुठी येते?" घरी आले ते औषधाची चिठ्ठी हरवून आणि दोरीचं माप हाताच्या वितीवर मोजून.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. काठ्या-दोरीच्या या जोडणीला ते फासा म्हणतात, आणि तो करायची त्यांची रीत अशी. बांबूच्या दोन काठ्या, बगलेपर्यंत उंच. दोन्ही शेंड्यांना बांधलेली एक आखूड दोरी, ती वर. त्याच शेंड्यांना दुसरी दोरी, पहिलीच्या दुप्पट लांब, ती खाली झोळीसारखी लोंबणार. तिच्या मधोमध एक लोखंडी कडी ओवायची, म्हणजे वजनानं दोरी खाली ओढली जाते आणि तिकोन होतो. काठ्या जवळ धरून साबणाच्या पाण्यात दोरी बुडवायची, उचलायची, हळूच काठ्या फाकवायच्या आणि नवरी सासरी निघावी तसं मागं पाहत पाहत पाऊल टाकायचं. सांगायला सोपं. पण नवी दोरी असली तर तिच्यावर कांजी असते, ती तीन पाण्यांतून उकळून काढावी लागते. गाठ जाड झाली की फुगा तिथं अडखळतो. गाठीचं शेपूट राहिलं की काट्यासारखं टोचतं. साबणाच्या पाण्यात औषधी दुकानातलं ग्लिसरीन आणि भिजवलेला डिंक असतो. किती, ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोरी उकळायला मात्र बायकोचाच भाताचा गंज, म्हणजे पातेलं, लागतो. एकदा गंज नीट धुतला गेला नाही. त्या दिवसाइतका पांढरा भात या घरात पुन्हा झाला नाही, असं माझी मुलगी सांगते.

दोरीची पारख ते जिभेनं करतात. कुठंही जावोत, दोरीचं टोक दिसलं की तोंडात. "दोर तहानलेला पायजे," हे त्यांचं वचन. "जो दोर पानी पेत नाई, तो फुग्याले काय पाजीन?" नायलॉनचा त्यांना मनापासून राग आहे, नायलॉनला ते बेइमान म्हणतात. किरनापूरला एका लग्नात सगळे वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे आणि आमचे इवाई मांडवाच्या खांबापाशी तोरणाची दोरी चघळत उभे. नवरदेवाच्या मामानं विचारलं, "काहून जी, जेवनाले टाइम हाये म्हून का?" हे शांतपणे म्हणाले, "नाई जी. सुती नाई हाये, मिलावट हाये." मामाला वाटलं, नवरीच्या साडीबद्दल बोलतात. समजूत घालायला मला जावं लागलं.

आणि नाड्याची गोष्ट तर मी कोणाला सांगणार नव्हतो. इवाई आमच्या घरी आले होते. आंघोळ करून अंगणात उभे राहिले ते उभेच. चहा थंड झाला तरी आत येईनात. मी पाहिलं तर समोर वळणीवर माझ्या घरचीचा परकर वाळत होता, आणि इवाई त्याच्याकडे डोळा न हलवता पाहत होते. तेवढ्यात ती बाहेर आली. हे हात जोडून म्हणाले, "ईनबाई, राग नका मानू, पन हा नाडा कोन्या दुकानातला जी?" ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. म्हातारपणी माणूस बिघडतो हे मी ऐकलं होतं, पण व्याह्याच्या अंगणात येऊन बिघडतो हे नवीन होतं. मी काठीकडे पाहिलं. इवाई मात्र खुशीत. "विनलेला सुती नाडा हाये! पाहा ना, कसा पानी धरून राह्यला. दोरीचा बाप हाये हा." घरचीनं चार दिवस त्यांच्यासमोर येणं टाळलं, आणि पाचव्या दिवशी मुलीच्या हाती सहा हात कोरा नाडा धाडला. आजही ती त्यांना नाडेवाले इवाई म्हणते, आणि म्हणताना तिचं हसू पोटात मावत नाही.

माझं आणि त्यांचं मात्र एकदा खरंच बिनसलं. फुगे त्यांचे निघत, नाही असं नाही. पण टरबुजाएवढे, फार तर सुपाएवढे. मला दया आली. म्हटलं, माणसाला धड दोर नाही. मी आठ हात दोर वळून दिला, अंबाडीचा, असा घट्ट की वर मुंगी चढली तर घसरावी. इवायांनी तो जिभेला लावला, पाण्यात बुडवला, उजेडात धरला आणि म्हणाले, "इवाई, दोर पयल्या नंबरचा हाये. पन बैलाले. फुगा काई बैल नोहे." पन्नास वर्षांत माझ्या दोराला कोणी नाही म्हटलं नव्हतं. दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मुलीकडे गेलो तरी समोरासमोर ताटावर बसून मुलीला सांगत असे, "तुह्या सासऱ्याले म्हन, मीठ इकडं सरकवा." तेही तिलाच सांगत, "तुह्या बाबूजीले म्हन, मीठ त्याइच्याच पुढं हाये."

दर बाजारी ते कटंगीच्या आठवडी बाजारात, धानाच्या गाड्या लागतात त्या मोकळ्या जागी, काठ्या आणि बादली घेऊन उभे राहत. पैसा घेत नसत, कोणी दिला तर रागावत. फक्त सांगत, एक दिवस माणसाहून मोठा काढीन. बाजारानं ते धरून ठेवलं. वांगेवाली दुरूनच ओरडायची, "काहो दादाजी, आज बैल निघते का हत्ती?" इवाई उत्तर द्यायचे, "तू वांगे तोल बाई, मी हवा तोलतो." ते हसत, पण त्यांच्या पोराला, म्हणजे आमच्या जावयाला, हसू येत नव्हतं. जावई तिथंच बाजारातल्या कापड दुकानात कामाला. गिऱ्हाईकं कापड कमी पाहत आणि काठ्या फाकवून मागं मागं चालायची नक्कल जास्त करत. एका रात्री जेवताना तो बोलला. माझ्या मुलीनं मला फोनवर शब्दाला शब्द सांगितलं.

"बाबूजी, मी मान खाली घालून कपडा मोजतो. लोग हँसते हैं, और मैं मीटर देखता हूँ. आता बस. पुढच्या बाजारी सगळ्याइच्या समोर एक काढा, तुमच्याहून मोठा. निघाला, तर जिंदगीभर काढा, मी सोता बादली उचलीन. नाई निघाला, तर काठ्या चुलीत. मंजूर?"

इवाई हात धुऊन उठले आणि म्हणाले, "हौ." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन. "इवाई, बाजाराले या. हासाले तरी या." बाजाराच्या आदल्या दिवशी मी वाराशिवनीवरून जाणारी बस धरली. खोटं कशाला बोलू, हासायलाच चाललो होतो. माझ्या दोराला नाही म्हणणारा माणूस हरताना कसा दिसतो, ते मला पाहायचं होतं.

पोहोचलो तर घरात पाहुणा आल्याचं कोणाला भान नाही. इवाई आठ दिवस एकाच फाश्यावर बसले होते. दोरी तीनदा उकळून, सावलीत वाळवून, पुन्हा भिजवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वळचणीला टांगली होती, तान्ह्या लेकराच्या पाळण्यासारखी. सांजच्याला त्यांनी ती उतरवली, मागच्या अंगणात एक फुगा काढला. कोंबड्यांच्या खुराड्याएवढा झाला आणि कडुनिंबाला लागून फुटला. मग दोरी माझ्या हातात दिली. गाठी मी अंगठ्यानं चाचपल्या. इतक्या चपट्या गाठी मी स्वतः कधी घातल्या नाहीत. तोंडानं म्हणालो, "बरी हाये." तेवढ्यावर त्यांची झोप उडाली असावी, कारण पहाटेपर्यंत खाटेवर कुशी बदलल्याचा आवाज येत होता.

सकाळी विहीणबाईंनी फाश्याची पूजा केली. पोळा होऊन आठच दिवस झाले होते. बैलाच्या खांद्यांना हळद-तेल लावलेले हात ते. नव्या नांगराला लावतो, नव्या गाडीला लावतो, तसं त्यांनी जवसाच्या तेलात हळद कालवली आणि दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रेमानं बोट फिरवलं. काठ्यांना कुंकू लावलं, ओवाळलं. नवऱ्याचं हसू होऊ नये म्हणून डोळे मिटून काही पुटपुटल्या. इवाई तेव्हा नदीवर होते. मी बाजूलाच बसून चहा पीत होतो, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, बाई रीतीची आहे.

बाजार भरला होता. रोवण्या आटोपल्या होत्या, लोकांना सवड होती. आभाळ भरलेलं, हवा ओलसर, वारा पडलेला. इवायांच्या हिशोबानं असा दिवस वर्षातून एकदा. गाड्यांच्या मोकळ्या जागेभोवती माणसांचं कडं पडलं. जावई दुकानाच्या पायरीवर, हातात कापड मोजायचा गज तसाच. इवायांनी दोरी बादलीत बुडवली, उचलली, काठ्या फाकवल्या. काहीच नाही. दोरीवर पाण्याचे थेंब तेवढे. पुन्हा बुडवली. लिंबाएवढा एक आला आणि गेला. तिसऱ्यांदा तोही नाही. वांगेवाली ओरडली, "दादाजी, हत्ती गाभन रायला नाई वाटते!" सगळा बाजार हसला. जावई हसला नाही. तो गजाकडे पाहत होता.

इवाई माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते पाहायला मी बसचं तिकीट काढून आलो होतो, आणि खरं सांगतो, पाहवलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "काल सांजेले याच दोरीनं निघाला जी. तुमीच पाह्यला ना? काहून रुसली?"

मी दोरी हातात घेतली. दोर कुठं राहून आला, काय खाऊन आला, हे माझ्या हाताला कळतं. दोन बोटांत चोळली. बुळबुळीत, पण साबणाची नव्हे. वास घेतला. जवस. मी मान वर केली, तर गर्दीच्या कडेला विहीणबाई उभ्या होत्या. माझं नाक दोरीला लागलेलं पाहून त्यांना कळलं. त्यांचा हात तोंडावर गेला आणि डोळे भरून आले. तेल आणि फुगा यांचं मांजर-उंदराचं नातं आहे हे इवायांनी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. भाताच्या गंजाचं भांडण व्हायचं, त्यात हे राहून गेलं.

मी आयुष्यात फार खोटं बोललो नाही, पण त्या दिवशी भर बाजारात मोठ्यानं बोललो. "दोर थकला हाये. आठ दिवस उकळला, जीव गेला त्याचा. दुसरा लागते."

इवायांनी दोरी हुंगली. बायकोकडे पाहिलं. मग तेही मोठ्यानं म्हणाले, "हौ. थकला."

दुसरा आणायचा कुठून? बाजारात नव्या दोऱ्या ढीगभर, पण सगळ्या कांजीच्या नाही तर नायलॉनच्या. माझ्या खांद्यावर पंचा होता. सहा वर्षांचा, धुऊन धुऊन हातमागाचा पंचा सायीसारखा झालेला. कांजी त्याच्यातून कधीच निघून गेली होती. मी त्याचं टोक इवायांच्या तोंडापुढं धरलं. त्यांनी भर बाजारात ते चोखलं आणि त्यांचे डोळे चमकले. "तहानलेला हाये जी!" मी पंचा उभा फाडला. टर्रकन आवाज झाला. जमिनीवर बसलो, मांडी उघडी केली आणि पट्ट्या वळायला लागलो.

"ढिला, इवाई," ते कानाशी म्हणाले.

"मले शिकवता?"

"शिकवत नाई जी. घट्ट पिळला तर पानी कुठी बसन? त्याले श्वास घेऊ द्या."

ढिला दोर वळणं म्हणजे काय, हे ज्यानं पन्नास वर्षं घट्ट वळले त्यालाच विचारा. हात ऐकेनात. तीनदा पीळ चढला, तीनदा सोडवला. तोंडातून शिव्या जात होत्या, त्या पंच्याला होत्या असं समजा. शेवटी इवाई समोर बसले, त्यांनी आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून, जात्याला बसलेल्या बायांसारखा, तो दोर वळला. खराब दोर. लोंबता, फुसका, बैल सोडा, बकरीनं हसावं असा. माझ्या हातून निघालेला तेवढाच. गाठी मी घातल्या, शेपटं दातांनी तोडली. इवायांनी कडी ओवली. तेल उतरलेलं बादलीतलं पाणी ओतून टाकलं, बादली आणि हात साबणानं धुतले, डब्यात जादा आणलेलं फुग्याचं पाणी ओतलं.

दोर बुडाला तो घोट घोट पाणी प्याला. मला आवाज आला. इवायांनी काठ्या उचलल्या, फाकवल्या, आणि एक पाऊल मागं टाकलं. पडदा भरला. दुसरं पाऊल. पडद्याला पोट आलं. तिसरं, चवथं. पोट लांबत चाललं, हातभर, दोन हात, पुरुषभर, आणि अजून संपेना. मग त्यांनी काठ्या अलगद मिटल्या आणि तो सुटला. छपराच्या बैलगाडीएवढा! कोणी म्हणतात त्याहून लहान होता. ते लोक त्या दिवशी बाजारात नव्हते. सगळा बाजार त्याच्यात उलटा दिसत होता, ताडपत्र्या खाली, माणसं वर, वांग्यांचा ढीग जांभळा-हिरवा होऊन वळत होता. तो डुलत, थरथरत, कसलीच घाई नसल्यासारखा निघाला. खालून एक बैल मान वर करून पाहत राहिला. वांगेवालीच्या डोक्यावरून गेला तेव्हा तिनं पदर सावरला आणि हात जोडले. मिरचीच्या पोत्यांवरून, मीठवाल्यावरून, कापड दुकानाच्या पाटीपर्यंत गेला, आणि तिथं, जावयाच्या बरोबर डोक्यावर, आवाज न करता नाहीसा झाला. जावयाच्या केसांवर बारीक तुषार पडला.

जावई पायरीवरून उतरला. गज त्यानं काखेत मारला, गर्दीतून येऊन बापासमोर उभा राहिला, आणि खाली वाकून बादलीची कडी धरली. म्हणाला, "बाबूजी, एक और."

मग जो कल्ला झाला तो काय सांगावा! अकरा काढले त्या दिवशी. प्रत्येक फुग्याला इवाई मला बखोटीला धरून लोकांपुढं उभं करत आणि ओरडत, "दोर माह्या इवायाचा हाये! बालाघाटचा!" मी मिशीवर हात ठेवून उभा. वांगेवालीनं आम्हा दोघांच्या पिशव्यांत वांगी ओतली आणि वर दम दिला, "पुढच्या बाजारी नाई आले तर पाहा." विहीणबाई कोपऱ्यात हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तेलाचं गुपित तिघांतच राहिलं. आता तुम्ही चवथे. बालाघाटला मी अर्धा पंचा आणि चार किलो वांगी घेऊन उतरलो. घरची म्हणाली, "पंचा काय केला?" म्हटलं, "हवेले दावं केलं."

याला वर्ष होऊन गेलं. पूर्वी आमच्या दोन घरांत फोन दोनच कारणांनी वाजायचा, लग्न जमलं म्हणून किंवा कोणी गेलं म्हणून. आता रोज उजाडता वाजतो. "इवाई, तिकडं वारा कसाक हाये?" मी एकदा विचारलं, "अजी, बालाघाटच्या वाऱ्याचं कटंगीले काय काम?" म्हणाले, "असू द्या जी. सांगा तर." मग मी अंगणात उदबत्ती लावतो, धूर कुठं जातो ते पाहतो आणि सांगतो. ते ऐकून "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. यंदा हिवाळ्यात त्यांना खोकल्यानं धरलं. मुलीनं सांगितलं, मामाजी खाटेवरच असतात, बोलायला त्रास होतो. चार दिवस फोन वाजला नाही. चारही दिवस मी उजाडता अंगणात उभा होतो. धूर सरळ वर जात होता आणि ते सांगायला कोणी नव्हतं.

पाचव्या दिवशी मीच नंबर दाबला. बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. मी म्हणालो, "इवाई, इकडं वारा पडला हाये."

तिकडून खोकला आला, लांबलचक. मग, खोल विहिरीतून यावा तसा त्यांचा आवाज आला, "मंग चांगला दिवस हाये जी."

"हौ," मी म्हणालो, आणि उदबत्ती विझेपर्यंत दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.